थकवा : बारा टक्के

उद्यमबागेत तेव्हा मला घड्याळ्या म्हणत.
शहात्तर साल. गळ्यात स्टॉपवॉच, हातात फळी,
फळीवर तक्ता, तक्त्यात अठरा रकाने
आणि समोर भरमा अनगोळकर,
वाळूचा साचा ठोकताना कानडीत मोजणारा
– ओंदु, एरडु, मूरु –
शिव्या मात्र मराठीत देणारा.

मी बटण दाबलं की त्याचा हात जड व्हायचा,
पाठ फिरवली की हलका.
पहिला आठवडाभर मी जे मोजलं
ते साचा भरण्याचं काम नव्हतंच,
माझ्याकडे बघण्याचं काम होतं.

आमचा धंदा म्हणे सातासमुद्रापार जन्मला.
कुणी तिथं फावड्यातला कोळसा तोलला,
कुणी गवंड्याचं वाकणं मोजलं.
असेल. पुस्तकात तसंच होतं.
मी तीन आठवडे भरमाच्या पावलांमागं पेन्सिल फिरवली :
ढीग, नळ, ओटा, ढीग, नळ, ओटा.
कागदावर कोळ्याचं जाळं झालं.
एका पाळीला बाराशे चौदा पावलं फुकट.
उपाय : वाळू ओट्याशेजारी आणावी.

भरमानं कागद उलटासुलटा करून बघितला.
"रातपाळीला आम्ही तिथंच ओढताव की.
सकाळी साहेब यायच्या आत परत ढकलताव."
कशाला?
"नकाशात ढीग मागं हाय न्हवं."

रिपोर्टाखाली मी माझं नाव लिहिलं.

चाळीस पेट्यांच्या बावन्न झाल्या.
मालकांनी कुंदा वाटला, द्रोण भरभरून.
महिन्याभरानं दुंडाप्पाला,
ढीग ओढणाऱ्या पोराला,
गेटवरूनच परत पाठवलं.
'वाचलेला वेळ' हा रकाना होता माझ्याकडे,
तो कुणाच्या घरी गेला, हा नव्हता.
कुंद्याचा द्रोण मी टेबलाखाली सरकवला,
मुंग्या लागेपर्यंत तो तिथंच होता.

अठरावा रकाना थकव्याचा.
पुस्तकामागच्या कोष्टकात बघून भरायचा :
बारा टक्के.
कुठल्या देशातल्या, कुठल्या महिन्यातल्या
कुणाच्या कमरेचे हे बारा?
मे महिना. भट्टी फोडायची वेळ.
मी शर्ट काढून खुंटीला लावला,
स्टॉपवॉच शर्टाच्या खिशात ठेवलं
आणि ओट्याशी उभा राहिलो.
अकरा पेट्या.
बाराव्या पेटीला माझ्या बोटांनी माझं ऐकायचं सोडलं.
भरमा काही बोलला नाही,
फक्त तांब्या पुढं केला.
दुसऱ्या दिवशी शाईनं एकोणीस लिहिले.
कुणी तपासलं नाही.
नोकरीतली माझी एवढीच लबाडी,
किंवा एवढंच खरं मोजमाप.

पुढं पाट्या बदलत गेल्या.
टाइम ऑफिसचा झाला वर्क स्टडी विभाग,
मग औद्योगिक अभियांत्रिकी, काचेचं दार, कूलर.
गेटवरच्या पाटीवर कुठली अक्षरं वर असावीत
यावरून दोनदा डांबर फासलं गेलं.
आत सेकंद आपला मुकाच,
त्याला ना कानडी येत होतं ना मराठी.
पदवीवाली पोरं आली.
मला घड्याळ्या म्हणणारी माणसं
एकेक करून निवृत्त झाली.
भरमाच्या निरोपाला मी त्याला घड्याळ द्यायला निघालो होतो.
दिलं नाही. पंचा दिला.

परवा शांभवी मुतगेकर घरी आली,
माझ्याच खुर्चीवर नवी लागलेली.
तिच्या टॅब्लेटवर ओट्याचं चित्र हलत होतं,
माणसाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर हिरवे ठिपके.
माणूस पुसट, ठिपके ठळक.
"सर, थकव्याला किती घालू?
हे आपोआप बारा घेतंय."
मी विचारलं, "साचा भरलायस कधी?"
ती हसली, चहा अर्धा टाकून निघून गेली.

शनिवारी बाजारात दिसली.
डाव्या हाताच्या नखांत काळी वाळू,
पिशवी उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे.
आकडा काय घातला,
मी विचारलं नाही.